सोमवारी दुपारी तीन ते पाच : आपली फाइल आपल्या डोळ्यांनी

वडिलांच्या निधनानंतर सातबाऱ्यावर वारस नोंद व्हावी म्हणून दिलेला माझा अर्ज पुण्यातील एका महसूल कार्यालयात सात महिने पडून होता. दर खेपेला ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ किंवा ‘फाइल वर गेली आहे’ एवढेच ऐकायला मिळे. त्या काळात मला खरा आधार दिला तो अभिलेख अवलोकनाच्या, म्हणजे सरकारी फायली स्वतः पाहण्याच्या, सोयीने.

माहिती अधिकार अधिनियम 2005 नुसार कागदपत्रे प्रत्यक्ष पाहणे हाही माहितीच्या अधिकाराचाच भाग आहे. पुणे महानगरपालिकेत नागरिकांना ठरावीक दिवशी फायली दाखवण्याची पद्धत आधीपासून होती. 26 नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयाने जिल्हास्तरीय व त्याखालच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 ही वेळ त्यासाठी राखली गेली.

माझा अर्ज अडकला होता त्या कार्यालयात मात्र या सोयीचा फलक कोठेही नव्हता. लिपिकाने ‘आधी माहिती अधिकारात अर्ज करा, तीस दिवसांनी या’ असे सांगितले. शासन निर्णयाची प्रत समोर ठेवल्यावर अर्ध्या तासाने फाइल टेबलावर आली. तिच्यातील कागदांवर पृष्ठक्रमांक नव्हते. हा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण उद्या एखादा कागद काढून घेतला गेला तरी ते कोणाच्या लक्षात येणार नाही.

तरीही त्या तासाभरात जे कळले, ते सात महिन्यांच्या हेलपाट्यांत कळले नव्हते. वारस नोंदीवर हरकती मागवणाऱ्या नोटिशीची पंधरा दिवसांची मुदत केव्हाच संपली होती, एकही हरकत आलेली नव्हती, आणि शेवटच्या टिपणीनंतर कोणताही शेरा न मारता फाइल एकाच टेबलावर साडेपाच महिने थांबली होती. ती कुठेही ‘वर’ गेलेली नव्हती.

माहिती नाकारल्यास होणारा दररोज 250 रुपये, कमाल 25,000 रुपये हा दंड माहितीपुरताच असतो. त्याने मूळ काम होत नाही. म्हणून मी शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन व त्यांच्या कामातील विलंबास प्रतिबंध करणाऱ्या राज्याच्या 2005 च्या अधिनियमातील कलम 10 चा आधार घेतला. सामान्यतः कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त काळ राहू नये आणि हेतुपुरस्सर विलंब केल्यास शिस्तभंगाची कारवाई व्हावी, असे ते कलम सांगते. टिपणीवरील तारखा तशाच उतरवून मी वरिष्ठांकडे लेखी तक्रार दिली आणि तिची आवक क्रमांकासह पोच घेतली. अठराव्या दिवशी नोंद प्रमाणित झाली.

या सेवेला मी पाचपैकी साडेतीन गुण देतो; फलक आणि पृष्ठक्रमांक असते तर साडेचार दिले असते. विलंबाबद्दल कोणती कारवाई झाली, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज मी गेल्या आठवड्यात दिला आहे. त्याच्या उत्तराची मुदत अजून संपायची आहे.