परदेशातील प्रायोजित मुलाला पत्र: एका पत्रसेवेचा अनुभव
स्पेनमधील यादवी युद्धात होरपळलेल्या मुलांसाठी १९३७ मध्ये सुरू झालेल्या, आज प्लॅन इंटरनॅशनल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेने नियमित पैसे देणारा दाता आणि त्याच्या मदतीवर वाढणारे, म्हणजे प्रायोजित, मूल यांच्यातील वैयक्तिक नात्यावर भर दिला. मी वापरत असलेल्या दुसऱ्या एका संस्थेच्या पत्रसेवेतही मला तेच सर्वांत मोलाचे वाटते. पत्र संस्थेमार्फतच जाते, तेथील कर्मचारी ते तपासून मुलाच्या भाषेत उतरवतात आणि कोणाचाही पत्ता उघड करत नाहीत, हे योग्यच आहे. उत्तराला मात्र महिनोन्‌महिने लागतात. संस्थेच्या संकेतस्थळावर पत्रासाठी दिलेले तयार मजकूर फारच कोरडे आहेत. त्याऐवजी मुलाने मागच्या पत्रात काढलेल्या चित्राविषयी किंवा सांगितलेल्या खेळाविषयी नेमका प्रश्न विचारला, तर उत्तर कितीतरी मोकळे येते. आपल्या सुबत्तेची छायाचित्रे पाठवणे मात्र कटाक्षाने टाळावे.