शेडचे पत्रे बदलून एक पावसाळा काढला, कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावातल्या वर्कशॉपचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. अर्धा स्टार बिलाच्या भानगडीपायी कापला आणि अर्धा एका चप्पलवाल्या पोरामुळे, ते पुढे सांगतो. पण गळतंय का विचाराल तर न्हाई, एक थेंब न्हाई. काँट्रॅक्टरचं नाव लिहीत नाही कारण बिलातलं थोडं अजून लोंबकळतंय आणि माणूस रोज चहाला भेटतो.

आधी शेड कसलं ते सांगतो म्हणजे तुम्हाला तुमच्याशी ताडून बघता येईल. मशीन शॉप आहे, व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं उभं मिलिंग मशीन) आणि सीएनसी लेथ, आजूबाजूच्या फाउंड्र्यांचं कास्टिंग मशिनिंग करतो. दोन शेडं चिकटून, प्रत्येकी 40 बाय 100 फूट, मध्ये व्हॅली गटर, म्हणजे दोन्हीकडची पाखं जिथं उतरतात ती पन्हळ. वर सिमेंटचे पत्रे, वडिलांनी टाकलेले, पत्रा धरून ठेवणारे जे-हूक गंजून पत्र्याला भोकं मोठी झालेली. 2019 आणि 2021 ला शिरोलीला हायवेवर पाणी होतं तेव्हा आमच्याकडं खालून पाणी आलं नाही, वरनं आलं. मशीनच्या इलेक्ट्रिक पॅनेलवर ताडपत्री टाकून शिफ्ट चालवायची म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. दरवर्षी मे महिन्यात कोणतरी यायचा, डांबर आणि कापडाची पट्टी मारून जायचा, पैसे घ्यायचा, जुलैत परत तेच.

चौघांकडनं कोटेशन घेतलं. तिघांनी खालूनच मान वर करून बघितलं आणि स्क्वेअर फुटाचा रेट सांगून टाकला. चौथ्याचा मिस्त्री म्हणाला, "दादा, वर गेल्याशिवाय रेट कसा सांगू, पर्लिन कुजलीय का बघायला नको?" शिडी लावून ट्रसवर, म्हणजे छताच्या लोखंडी सांगाड्यावर गेला, पर्लिनला (पत्रा ज्यावर बसतो त्या आडव्या पट्ट्या) हातोडीनं ठोकत ठोकत शेवटपर्यंत गेला आणि गटराखालच्या बाजूच्या पर्लिन पार खाल्लेल्या निघाल्या. त्याचा रेट चौघांत स्वस्त नव्हता पण काम त्यालाच दिलं. बाकीच्यांनी ते नंतर एक्स्ट्रा म्हणून लावलंच असतं ना.

मटेरियल. कलर कोटेड गॅल्व्हल्यूम घेतलं, टीसीटी 0.50. इथं बाजारात लई गोंधळ आहे. टीसीटी म्हणजे रंग, कोटिंग सगळं धरून जाडी, आतलं नुसतं स्टील त्यापेक्षा कमी भरतं. दोन पार्ट्यांचे रेट लावून बघताना एक टीसीटी बोलतोय आणि दुसरा नुसत्या स्टीलची जाडी बोलतोय असं होतं, मग तुम्हाला वाटतं दुसरा महाग. गॅल्व्हल्यूमचं कोटिंग म्हणजे 55 टक्के अ‍ॅल्युमिनियम, बाकी बहुतेक जस्त आणि थोडं सिलिकॉन, आणि एझेड 150 म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला 150 ग्रॅम कोटिंग. बिलावर हे लिहून घ्या. पत्र्याच्या मागच्या बाजूला ब्रँड आणि जाडी छापलेली असते ती वाचा, तरी मन भरत नसेल तर वजन करा. आमच्याकडं प्लॅटफॉर्म काटा आहेच, 21 फुटी पत्रा चढवला, साधारण 28 किलो भरला. 0.45 असता तर 25 च्या आसपास अडकला असता. मिस्त्री हसायला लागला पण दुसऱ्या गाडीच्या वेळी स्वतःच म्हणाला काट्यावर ठेवू का.

21 फुटी का, तर पाखं वरपासून खालपर्यंत एका पत्र्यात झाकायचं होतं. सिमेंटचे पत्रे तीन मीटरपर्यंतचे, म्हणजे एका उतारावर जोड आलेच आणि वारा उलटा लागला की पाणी त्या जोडातनंच आत चढतं. लोक पत्र्याच्या ब्रँडवर भांडतात, पण पत्रा शक्यतो गळत नाही हो, गळतो तो जोड, स्क्रू, रिज (शेडाचा माथा) आणि गटर. ह्या चार जागांवर ज्याचा हात चांगला तो काँट्रॅक्टर चांगला, बाकी रंग कुठला पण घ्या.

स्क्रूचं उदाहरण सांगतो. सेल्फ ड्रिलिंग स्क्रू, खाली काळा ईपीडीएम रबराचा वॉशर, त्यावर धातूची टोपी. तो पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा, खोलगट भागात पाणी वाहतं तिथं नाही. आणि स्क्रू मारायची मशीन दाबून धरली की वॉशर चेपून बाहेर फुगतो, दिसायला घट्ट, पण ऊन खाऊन दोन-तीन वर्षांत चिरतो. ह्या लोकांचा एक जुना फिटर होता, तो प्रत्येक स्क्रू थांबवायचा तिथं रबराचा वॉशर वरच्या टोपीच्या कडेला जेमतेम दिसेल एवढाच, बोट फिरवून बघायचा, कमी वाटला तर हातानं पाव फेरा. बाजूच्या दोन पोरांचे चेपलेले स्क्रू त्यानं काढून परत मारायला लावले, मी काही न बोलता. रोज संध्याकाळी पत्र्यावरनं ब्रश फिरवून ड्रिलचा चुरा खाली पाडायचे. ते नाही केलं तर तो चुरा पहिल्या पावसात गंजतो आणि नव्या पत्र्यावर तांबडे ठिपके पडतात. कटिंग पण कातरीनं केलं, ग्राइंडरनं नाही, ग्राइंडरच्या ठिणगीनं कडेचं कोटिंग जळतं. ह्या कामाला फुल मार्क.

आता गटर. मिस्त्रीनं कागदावर हिशोब करून दाखवला तो मला आवडला. व्हॅलीत दोन्ही शेडांचं आतल्या बाजूचं पाखं उतरतं, म्हणजे 4000 स्क्वेअर फूट, सुमारे 370 चौरस मीटर. तासाला 100 मिलिमीटरच्या वेगानं सर आली तर तासाला 37 हजार लिटर, मिनिटाला सहाशे लिटरच्या वर. आणि आमच्या जुन्या गटराला दोन टोकांना दोनच पाइप, त्यातला एक चिमणीच्या घरट्यानं आणि फाउंड्रीच्या राखेनं बुजलेला! नवीन गटर 2 मिलिमीटरच्या जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) प्लेटचं, जुन्यापेक्षा खोल, मध्यातनं दोन्हीकडं उतार, पाइप सहा, आणि टोकाच्या प्लेटला वर खाच ठेवलीय, म्हणजे पाइप तुंबले तरी पाणी बाहेर पडेल, शेडात उसळणार नाही. जुलैत एकदा त्या खाचेतनं पाणी पडताना दिसलं, लगेच फोन केला, दुपारी माणूस आला आणि पाइपच्या तोंडातनं प्लॅस्टिकची पिशवी काढून गेला. पैसे मागितले नाहीत.

आता चप्पलवाला पोरगा. पहिल्या दिवशी जुने पत्रे काढताना सगळ्यांना हार्नेस, लाइफलाइन दोरी, चालायला फळ्या, सगळं व्यवस्थित. तिसऱ्या दिवशी बघतो तर एक नवीन पोरगा स्लिपर घालून, हार्नेस न अडकवता सिमेंटच्या पत्र्यावरनं चाललाय आणि तेसुद्धा फायबरच्या पत्र्यांच्या बाजूनं. उजेडासाठी टाकलेले ते फायबरचे पत्रे धूळ बसून सिमेंटसारखेच दिसतात, पाय ठेवला की माणूस थेट खाली मशीनवर. मी काम थांबवलं, मुकादम म्हणतो "आजच्या दिवस चालवून घ्या", मी म्हटलं आजच्याच दिवशी माणूस पडतो. अर्धा दिवस गेला. पोराला बूट आणले तेव्हा काम परत सुरू. एमआयडीसीतल्या लोकांनो, तुमच्या आवारात पडला तर तुम्ही पण अडकता, काँट्रॅक्टरवर ढकलून चालत नाही.

सिमेंटच्या जुन्या पत्र्यात अ‍ॅस्बेस्टॉस असतो, तो फोडून खाली टाकायचा नाही, एवढं आधीच ठरवून घेतलं होतं. पाणी मारून, हूक कापून, अख्खे उतरवले. पण फुटलेले तुकडे शेडामागं टाकून गेले ते गोळा करून न्यायला तीन फोन लागले. शेजारच्या गावातनं दोघं जण "गोठ्याला द्या की" म्हणून विचारायला पण आले, दिले नाहीत.

उकाड्याचं खरं सांगतो, धातूचा पत्रा सिमेंटपेक्षा जास्त तापतो. खाली जाळी मारून 50 मिलिमीटर ग्लासवूल टाकलं म्हणून एप्रिल निघाला, त्याचा खर्च पत्र्याच्या रेटमध्ये नसतो, वेगळा विचारा. ग्लासवूल नसेल तर पावसात फोनवर बोलायचं विसरा. टर्बो व्हेंटिलेटर घेतले, विजेशिवाय फिरतात हे खरं, पण आमच्याकडच्या धुळीनं त्यातला एक आत्ताच करकरतोय. परत घ्यायचे झाले तर रिजलाच सलग व्हेंट करीन, पत्र्याला भोकं तरी कमी पडतील.

बिल. ह्यांनी आणलेल्या पत्र्याचं माप लावलं, मी म्हणतो झाकलेल्या क्षेत्राचं लावा. पत्रा पत्र्यावर चढतो तो भाग दोनदा धरला जातो ना त्यात. कोटेशनवर फक्त "प्रति स्क्वेअर फूट" लिहिलं होतं, कुठलं माप ते नाही. उताराचं माप जमिनीच्या मापापेक्षा जास्त भरणार हे मान्य, 18 अंशाच्या उताराला ते पाचेक टक्के होतं, पण ह्यांचा फरक त्याच्या दुप्पट निघाला. अर्धं सोडलंय, अर्ध्यावर बोलणं चालू आहे.

मेंटेनन्सचं वर्षाचं काँट्रॅक्ट मात्र त्यांनाच दिलं. मे महिन्यात आणि दिवाळीनंतर अशा दोन फेऱ्या, गटर साफ, सैल स्क्रू बदलायचे, रिज आणि फ्लॅशिंगचं (कडेच्या झाकणपट्ट्यांचं) सीलंट बघायचं, आणि गटर साफ केल्याचा आधीचा-नंतरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर. हार्नेस नसलेला माणूस वर गेला तर त्या फेरीचे पैसे नाहीत, हे पण लिहून घेतलंय, सहीसकट.