आधी ‘रेड’ की ‘डिसिप्लिन’? खानदेशातल्या वाजवणाऱ्यांसाठी किंग क्रिम्सन

जळगाव-धुळ्याकडची गिटार किंवा ऑक्टापॅड वाजवणारी पोरं प्रोग्रेसिव्ह रॉककडे (लांब रचना आणि अवघड तालांच्या रॉककडे) वळली की किंग क्रिम्सन या ब्रिटिश बँडपाशी अडतात. अल्बम बरेच, आणि जवळपास प्रत्येकात माणसं बदललेली. सुरुवातीसाठी दोनच समोर ठेवतो: १९७४चा ‘रेड’ आणि १९८१चा ‘डिसिप्लिन’. मधली सात वर्षं हा बँड नव्हताच. ‘रेड’ बाजारात येण्याआधीच गिटारवादक रॉबर्ट फ्रिपने तो मोडला होता.

१९८१ साली त्याने पुन्हा माणसं जमवली तेव्हा जुन्यांपैकी फक्त ड्रमर बिल ब्रुफर्ड सोबत होता. ‘रेड’मधल्या जॉन वेटनचा भरदार आवाज आणि गुरगुरणारा बास गेला. त्याच्या जागी आले दोन अमेरिकन: गायक-गिटारवादक अ‍ॅड्रियन बेल्यू, आणि चॅपमन स्टिक वाजवणारा टोनी लेव्हिन. स्टिकला दहा तारा. दोन्ही हातांच्या बोटांनी तारांवर ठोकायचं, म्हणजे बास आणि वरची सुरावट एकाच वेळी निघते. चौघांनी सुरुवातीला बँडचं नावच ‘डिसिप्लिन’ ठेवलं होतं, किंग क्रिम्सन हे नाव नंतर घेतलं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. जुन्या नावावर गर्दी जमवायला ही मंडळी निघाली नव्हती.

फरक कानाने पकडायचा असेल तर तेरा मात्रा मोजा. ‘रेड’मधलं शेवटचं ‘स्टारलेस’ बारा मिनिटांहून मोठं आहे. गायन थांबल्यावर मधल्या भागात बास तेरा मात्रांचं आवर्तन धरतो आणि फ्रिप त्यावर एकच स्वर छेडत राहतो. तो स्वर इतका सावकाश वर चढतो की अस्वस्थ व्हायला होतं. ब्रुफर्ड आधी जेमतेम टिचक्या मारतो, मग सगळा भार एकदम कोसळतो, सॅक्सोफोन ओरडतो, आणि शेवटी सुरुवातीची धून परत येते. इथे सगळे एकाच आवर्तनात बांधलेले आहेत.

‘डिसिप्लिन’मधल्या ‘फ्रेम बाय फ्रेम’मध्येही तेरा आहेत, पण एकाच गिटारकडे. ताल रूपकासारखा सातांचा. एक गिटार दोन आवर्तनं मिळून चौदा स्वर वाजवते, दुसरी त्यातला एक गाळून तेरा. बांधावरून जोडीने निघालेल्या दोघांत एकाची ढांग आखूड असावी, तसं दर फेरीला अंतर पडत जातं आणि मग दोघं पुन्हा एका रेषेत येतात. इंडोनेशियाच्या गॅमेलानची (घंटा-थाळ्यांसारख्या धातूच्या वाद्यांच्या समूहवादनाची) छाप इथे ऐकू येते. एकट्याने उठून दिसायची सोय कुणालाच नाही. त्याआधी या बँडमध्ये फ्रिपच्या जोडीला दुसरा गिटारवादकच नव्हता, म्हणून हा बदल मला नुसत्या नव्या ध्वनीपेक्षा मोठा वाटतो.

वरातीत ऑक्टापॅड वाजवणाऱ्याला माझं सरळ सांगणं: आधी ‘डिसिप्लिन’. फ्रिपने ब्रुफर्डला झांजांचा वापर कमी ठेवायला सांगितलं होतं, आणि याच काळात ब्रुफर्डने इलेक्ट्रॉनिक पॅडही हाताशी घेतले. झांजेचा झणत्कार नसला की प्रत्येक ठोक्याची जागा स्पष्ट दिसते, आणि आपल्याकडच्या हातांना हे लगेच कळेल. ‘द शेल्टरिंग स्काय’मध्ये तर तो लाकडी स्लिट ड्रम (पोकळ लाकडाला चिरा पाडून केलेलं तालवाद्य) वाजवतो. खूप मृदू, आणि शेवटपर्यंत एका लयीत.

गाणारे असाल, किंवा संगीतातून आधी दुःख हवं असेल, तर ‘रेड’. बेल्यूचा आवाज चपळ, कधी नुसता बोलणारा. वेटनच्या आवाजातली जखम त्यात नाही. ‘डिसिप्लिन’मधलं ‘मात्ते कुदासाई’ तेवढं हळवं आहे. ‘रेड’मधलं ‘प्रॉव्हिडन्स’ मात्र पहिल्या फेरीत सोडून द्या. ते मंचावर आयत्या वेळी केलेलं वादन आहे, सवय नसलेल्या कानाला तिथे धरायला काही सापडत नाही.

दोन्हींत थोर कोणता, तर ‘स्टारलेस’मुळे ‘रेड’. वाजवायला शिकवणारा ‘डिसिप्लिन’. तो आवडला तर त्याच चौघांचे ‘बीट’ (१९८२) आणि ‘थ्री ऑफ अ परफेक्ट पेअर’ (१९८४) पुढे आहेतच. या बँडमध्ये तीच माणसं सलग तीन अल्बम टिकण्याची ती पहिलीच वेळ. मात्र मोबाइलच्या स्पीकरवर यातलं काही ऐकू नका. हेडफोन लावा, नाहीतर दोन गिटार वेगळ्या ओळखूच येणार नाहीत.