मंदीत दर उतरवावा की काम लहान करावं?

फोन कमी वाजायला लागले, जुनी गिऱ्हाईकं ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणायला लागली, की छोट्या सेवा व्यवसायापुढे दोन वाटा उरतात. तेच काम कमी पैशांत करून द्यायचं, नाहीतर दर तोच ठेवून काम लहान करायचं. गिऱ्हाईकाचे पैसे दोन्हीकडे वाचतात. तुमच्या गल्ल्यात काय राहतं, फरक तिथे पडतो.

आधी दर उतरवण्याचं बघू, कारण पहिला हात तिकडेच जातो. समजा, घराच्या साफसफाईच्या एका कामाचे तुम्ही १०० घेता. ५० मजुरी आणि सामानात, १० येण्याजाण्यात जातात. उरलेल्या ४० मधून जागेचं भाडं, कर्जाचा हप्ता आणि तुमचं घर चालतं. दर १० टक्के उतरवला की ४० चे ३० होतात. आधी ३० कामांत सुटायचं तेवढं सुटायला आता ४० कामं लागतील. २० टक्के उतरवला तर ६०. मंदीत दुप्पट कामं आणायची कुठून? ‘जास्त कामं घेऊन भरून काढू’ म्हणणाऱ्याने हे आकडे स्वतःचे घालून एकदा मांडून बघावेत.

आता काम लहान करू. अख्खं घर नाही, फक्त स्वयंपाकघर आणि बाथरूम. मजुरी-सामान निम्म्यावर, म्हणजे २५. येण्याजाण्याचे १० मात्र तेवढेच. म्हणून निम्म्या कामाचे ५० लावू नका, ५५ लावा. हातात २० राहतात. २० टक्के सूट देऊन अख्खं घर धुतलं तरी २०च राहत होते! इथे अर्धा दिवस मोकळा, शिवाय गिऱ्हाईकाला ८० ऐवजी ५५च मोजायचे.

पण हा हिशेब मजुरी कामागणिक जात असेल तरच खरा. माणसं महिन्याच्या पगारावर असतील, किंवा शिकवणी-सल्ल्यासारखं सगळं काम तुम्ही स्वतःच करत असाल, तर काम निम्मं केल्याने खर्च निम्मा होत नाही. मोकळा झालेला अर्धा दिवस रिकामाच जाणार असेल तर ५५ पेक्षा ८० बरे. आजचा रिकामा तास उद्या विकता येत नाही. अशांनी सूट जरूर द्यावी, पण एरवी ओस पडणाऱ्या वेळेपुरती, आणि शेवटची तारीख सांगून. बिलावर मूळ दर लिहा, सूट खालच्या ओळीत वेगळी दाखवा. नाहीतर उतरलेला दर हाच तुमचा दर होऊन बसतो आणि पुढे वाढवताना घासाघीस होते. मंदी दोन महिन्यांत सरेल असंही धरू नका. अमेरिकेतली डिसेंबर २००७ ला सुरू झालेली मंदी अधिकृत नोंदीनुसार जून २००९ पर्यंत, १८ महिने चालली होती.

लहान कामाचा खरा शत्रू वेगळाच आहे. ‘आलाच आहात तर तेवढे पंखेही पुसून टाका.’ पंख्यांनंतर खिडक्या येतात, आणि संध्याकाळपर्यंत अख्खं घर ५५ मध्ये झालेलं असतं. कामात काय येत नाही ते आधी लिहून पाठवा, वरच्या कामाचा दरही त्यातच द्या. पंखे पुसणाऱ्या माणसालाही तो दर तोंडपाठ हवा, कारण मालक तिथे नसतो. एका भागातली दोन लहान कामं एकाच दिवशी लावली तर येण्याजाण्याचा खर्चही वाटला जातो. मात्र जिथे अर्धवट काम धोक्याचं, वायरिंग किंवा गॅसची दुरुस्ती वगैरे, तिथे ही वाट बंद समजा.

कुठलीही वाट धरा, उधारी वाढू देऊ नका. कागदावर नफा असतो आणि पगाराच्या दिवशी हातात रोकड नसते, असं मंदीत सर्रास होतं. आगाऊ पैसे देणाऱ्याला मी दोन-तीन टक्के आनंदाने सोडेन. काम झाल्यावर दोन महिन्यांनी देणाऱ्याला एक टक्काही नाही.

एवढं करूनही भागत नसेल तर माणसं काढण्याआधी त्यांच्याशी बसून कामाचे तास कमी करण्याचं बोला. पगार थोडा घटेल हे आधीच, स्पष्ट सांगा. घरोघरची गिऱ्हाईकं बऱ्याचदा तुमच्या नावापेक्षा काम करणाऱ्या माणसाला ओळखत असतात, आणि तो गेला की तीही त्याच्याच मागे जातात.