जुनी बोलेरो पिकअप (बीएस-४, अडीच लिटर डिझेल): इंजिन दमदार, पण आधी टाकी बघा

हिंगणघाटचं जिनिंग असो, खामगावचं सोयाबीन मार्केट असो की वरुडची संत्रा मंडी, रांगेत उभ्या असलेल्या मालगाड्यांत ही पिकअप दिसतेच. २५२३ सीसीचं चार सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन, पांदणीच्या चिखलातून भरल्या अंगानं निघण्याइतकी ताकद, आणि तालुक्याच्या गावी सहज मिळणारे पार्ट. म्हणून सेकंड हँडमध्ये तिला गिऱ्हाईक कायम असतं. पण जुनी घेणाऱ्यांची एक तक्रार फिरून फिरून ऐकू येते: चालता चालता बंद पडते, अर्ध्या तासानं आपोआप सुरू होते, चढावर दाबली तर उचलत नाही. मिस्त्री एकेक पार्ट बदलत जातो आणि महिन्याभरानं दुखणं पुन्हा उभं राहतं.

आमचं मत स्पष्ट आहे. गाडी घेण्यासारखी आहे. या दुखण्याचं मूळ बहुतेक वेळा इंजिनात नसतं, टाकीपासून पंपापर्यंतच्या डिझेलच्या वाटेत असतं. ती वाट साफ न करता इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग) बदलणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

हे कॉमन रेल इंजिन आहे. पंप डिझेलला शेकडो बारच्या दाबानं रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांच्या सामाईक नळीत, कोंबतो आणि तिथून ते इंजेक्टरच्या केसाएवढ्या भोकांतून फवारलं जातं. पंपाला आणि इंजेक्टरला वंगण मिळतं ते त्याच डिझेलचं. त्यात पाणी आलं की आतला पॉलिश केलेला पृष्ठभाग गंजतो, गंजाचे कण सुटतात आणि पुढचा भाग खरवडत जातात. मेकॅनिकल पंपाची जुनी इंजिनं कॅनमधलं गढूळ डिझेल बरंच पचवायची, हे पचवत नाही. आपल्याकडे डिझेल बरेचदा कॅनमध्ये आणून वावरात ठेवतात, झाकण सैल असतं, पावसाळ्यात पाणी उतरतं, आणि ट्रॅक्टरसाठी आणलेला तोच कॅन घाईच्या वेळी पिकअपमध्ये रिकामा होतो. शिवाय अर्धी रिकामी टाकी दमट रात्री उभी राहिली की आतल्या पत्र्यावर वाफ जमते आणि थेंब तळाशी बसतात. पावसाळ्यात टाकी संध्याकाळी भरून ठेवलेली बरी.

म्हणून पहिली परीक्षा फुकटची. गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी सेल मारण्याआधी डिझेल फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करून पांढऱ्या पारदर्शक बाटलीत पाव लिटर काढा आणि दहा मिनिटं ठेवा. पाणी खाली बसतं, दोघांमधली रेघ स्पष्ट दिसते. तळाशी तांबूस गाळ असेल तर टाकीला आतून गंज आहे. काळा लिबलिबीत थर दिसला तर डिझेलमध्ये बुरशी धरली आहे आणि टाकी उतरवून धुतल्याशिवाय गत्यंतर नाही. टाकी धुताना आतल्या डिझेल ओढणाऱ्या पाइपच्या तोंडाची जाळी काढून बघा, बरेचदा कचरा तिथेच अडकलेला असतो. गाडी थांबली की हा कचरा जाळीवरून सुटून खाली पडतो, म्हणूनच अर्ध्या तासानं गाडी काही झालंच नाही अशी चालू होते. टाकी साफ केल्यावर नवा फिल्टर टाका आणि तो साधारण हजार किलोमीटरवर पुन्हा बदला, कारण पाइपांत उरलेली घाण तोवर येत राहते.

टाकी उतरवायची की नाही हे ठरत नसेल तर कॅनची चाचणी करा. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, पंपावरचं ताजं डिझेल भरा, आणि टाकीकडून येणारा पाइप फिल्टरवरून काढून त्या जागी दुसरा स्वच्छ पाइप लावा आणि तो कॅनमध्ये सोडा. रिटर्नचा (उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा) पाइपही कॅनमध्येच सोडायचा, नाहीतर कॅन बघता बघता रिकामा होतो. कॅन एक्झॉस्टपासून लांब, घट्ट बांधलेला हवा. आता नेहमीचा चढ चढवा. त्रास गेला तर दोष टाकीत किंवा तिथून येणाऱ्या पाइपात. त्रास तसाच राहिला तर फिल्टरपासून पंपाच्या दिशेनं शोधा. याच वेळी फिल्टर आणि पंपाच्या मधे वीतभर पारदर्शक पाइप जोडला तर बुडबुडे दिसतात. सतत बुडबुडे म्हणजे गाडी एअर घेते. तडकलेला रबर पाइप, सैल क्लिप, फिल्टरची चेपलेली रिंग, यांतलं काहीतरी एक. डिझेल बाहेर गळत नाही म्हणून जोड ठीक आहे असं समजू नका. ओढणारी बाजू बाहेर गळत नाही, हवा आत खेचते.

टाकीचं झाकणही तपासा. गाडी बंद पडल्या पडल्या झाकण उघडलं आणि फुस्स आवाजानं हवा आत ओढली गेली, तर झाकणाचं श्वासाचं भोक मातीनं बुजलं आहे. काळ्या मातीच्या धुळीत हे नेहमीचं. भोक साफ करायला मिनिटही लागत नाही, आणि त्याऐवजी नवा पंप बसवलेल्या गाड्या बाजारात आहेत.

डिझेलची वाट साफ निघाली तर क्रँक सेन्सर, म्हणजे क्रँकशाफ्टचं फिरणं टिपणारा सेन्सर, तपासा. त्याची खूण वेगळी: गाडी चढावर खोकत नाही, चालत्या गाडीत एकदम मेल्यासारखी गप्प होते, आरपीएमचा काटा शून्यावर पडतो, आणि बहुतेक वेळा इंजिन तापल्यावरच. सेल मारताना काटा हलत नसेल तर संशय पक्का करा. सेन्सरवर गार पाण्याचा ओला फडका दोन मिनिटं धरा. त्यानंतर चालू झाली तर सेन्सर गेला. मात्र नवा घेण्याआधी कनेक्टर उघडा. आत ऑइल उतरलेलं असतं, वायर घासून उघडी पडलेली असते, आणि धान्याच्या गोदामाजवळ रात्री उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी वायरिंग कुरतडलेलं सापडतं. इथे स्वस्त डुप्लिकेट घेऊ नका, तो उन्हाळा काढत नाही.

चेक लाइट पेटला असेल तर बॅटरीची वायर काढण्याआधी स्कॅनर लावा. बॅटरी काढली की गाडीनं नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसला जाण्याची भीती असते, आणि मग अंदाजपंचे काम सुरू होतं. पी ००८७ म्हणजे रेलमध्ये दाब कमी, पी ०३३५ म्हणजे क्रँक सेन्सरचं सर्किट, पी ०२९९ म्हणजे टर्बोची हवा कमी. शेवटच्या कोडला टर्बोच बदलायला निघू नका. बरेचदा इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप खालच्या बाजूनं फाटलेला असतो. दाबल्यावर सूं आवाज, काळा धूर आणि पाइपावर ऑइलचा ओलावा, या तीन खुणा पुरेशा आहेत. फाट बंद गाडीत मिटलेली असते, हातानं पाइप वाकवून बघावा लागतो.

इंजेक्टर सगळ्यात शेवटी. चौघांचे रिटर्न पाइप चार सारख्या बाटल्यांत सोडून इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता) काही मिनिटं चालवा. चारही जवळपास सारख्या भरायला हव्यात. एकच बाटली दुप्पट-तिप्पट भरली तर तोच इंजेक्टर काढून बेंचवर तपासा, चारही बदलायची गरज नसते. बसवताना तांब्याचा वॉशर नवाच हवा. जुना घातला की कॉम्प्रेशन गळतं, चक-चक आवाज येतो आणि इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर जमतो. इंजेक्टरवर कोड छापलेला असेल तर तो स्कॅनरनं ईसीयूत (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) भरून घ्या, नाहीतर नवा इंजेक्टर टाकूनही इंजिन थरथरतं. आणि चालू इंजिनात रेलचा पाइप सैल करून एअर काढायची जुनी सवय इथे जीवावर बेतू शकते: त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत शिरतं. तसं झालं तर जखम टाचणीएवढी दिसली तरी लगेच दवाखाना गाठा.

आता उन्हाळा. चंद्रपूर, ब्रह्मपुरीकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा अर्धवट बुजलेला रेडिएटर तग धरत नाही. कापूस वाहणाऱ्या गाडीत रुईचे तंतू आणि धूळ मिळून रेडिएटरसमोर नमद्यासारखी गादी तयार होते, आणि ती समोरून दिसत नाही, कारण ती इंटरकूलर आणि रेडिएटरच्या फटीत असते. पाणी पंख्याच्या बाजूनं बाहेरच्या दिशेला, कमी दाबानं मारा. जोरात मारलं तर पात्या वाकतात. आत बोअरचं पाणी ओतणं बंद करा, त्यातले क्षार आत थर धरतात. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरचं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे आणि ती चुकीची आहे. इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, डिझेल जास्त जातं, रिंगा लवकर झिजतात, आणि तापण्याचं खरं कारण झाकलं जातं.

घेताना गाडी पूर्ण थंड असताना बघा. मालकानं आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी जा. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा, इंजिन चालू करा. पाण्यात एकसारखे बुडबुडे येत राहिले, किंवा थंड इंजिन झाकण लावून चालू केल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक झाला, तर हेड गॅसकेट गेली. ऑइलचं झाकण काढून आयडलवर बघा. थोडी वाफ चालते, पण भकाभका धूर आणि ऑइलचे शिंतोडे आले तर रिंगा-लायनरचं काम आलं. निळा धूर कायम असेल तर सोडून द्या. एअर फिल्टरचं डबडं उघडून इंजिनकडच्या पाइपात बोट फिरवा. बोटाला माती लागली तर त्या इंजिनानं धूळ खाल्ली आहे, आणि मग किंमत कितीही उतरली तरी घेऊ नये.

इंजिनातून गाडी पास झाली तर कागद. मालवाहू गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतो, तो किती दिवसांचा उरला आहे ते बघा. बँकेचा बोजा असेल तर तो उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३० वर सही व्यवहाराच्या दिवशीच घ्या. आणि भावात टाकी धुणं, दोन डिझेल फिल्टर, नवे रबर पाइप आणि कूलंट यांचा खर्च आधीच वजा करून बोला. हे काम घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यातच करायचं आहे, माल भरायच्या आधी.