ठाणे स्टेशनजवळची महिला डॉर्मिटरी: नऊ महिने, पंधरा-सोळा मुक्कामांनंतर

गेल्या डिसेंबरात आम्ही चौघी मैत्रिणी जालन्याहून पहिल्यांदाच घरच्यांशिवाय मुंबई बघायला निघालो. त्या फेरीत सापडलेली ठाणे स्टेशनजवळची डॉर्मिटरी मी नंतरही धरून ठेवली, कारण जानेवारीपासून माझा ठाण्यात शनिवार-रविवारचा क्लास सुरू झाला. महिन्यातून दोनदा एक रात्र तिथे असते. थंडी, उन्हाळा आणि आता अख्खा पावसाळा तिथे काढल्यावर हे लिहितेय.

मुंबई बघायची तर मुक्काम ठाण्यात का, हा प्रश्न आमच्याही घरी विचारला गेला. उत्तर गाडीत आहे. जालन्याहून येणारी देवगिरी एक्स्प्रेस ठाण्याला थांबते, तीही पहाटे. तिथूनच सुटणारी स्लो लोकल पकडली की लेडीज डब्यात बसायला जागा मिळते आणि सीएसएमटीपर्यंत निवांत जाता येतं. मुंबईतल्या त्याच पैशांच्या खोल्या आम्ही फोटोत बघितल्या होत्या. बऱ्याच खोल्यांना खिडकी नव्हती.

पण पहिलं बुकिंग या डॉर्मिटरीचं नव्हतंच. एका ॲपवरून ठाण्यातच एका लॉजची चौघींची खोली घेतली होती, पैसे आधीच भरून. साडेसहाला काउंटरवर पोचलो, आधार कार्डं दिली. एकीच्या आधारवर ठाण्याजवळच्या बदलापूरचा पत्ता, कारण ती कॉलेजसाठी मामाकडे राहते. मॅनेजर म्हणाला, "लोकल आयडी चालत नाही." मग म्हणाला, "सोबत जेंट्स कोणी नाही का?" आम्ही चौघी बॅगा घेऊन रस्त्यावर. पैसे परत यायला वीस दिवस लागले. ते विसरले, पण मैत्रिणीचा चेहरा विसरले नाही. आपल्यामुळे सगळ्यांचं बिघडलं असं तिला वाटत होतं, आणि तिची चूक काहीच नव्हती.

कोपऱ्यावर फुलं विकणाऱ्या मावशींनी विचारपूस केली आणि ही जागा दाखवली. दुसऱ्या मजल्यावर एक हॉल, आठ बंक, काउंटरला एक काकू. आम्ही विचारलं, "काकू, चेक-इन बाराला असेल ना?" त्या म्हणाल्या, "बेड बाराला. बॅगा आत्ता ठेवा, तोंड धुवा, चहा घ्या. फक्त कुलूप तुमचं लावा." एका कुलपाचे साठ रुपये गेले आणि आमची सकाळ वाचली. तेव्हापासून सगळ्यांना सांगते की रात्रीच्या गाडीने येणार असाल तर खोलीच्या भाड्याआधी हे विचारा की पहाटे सहा ते दुपारी बारा आम्ही आणि आमच्या बॅगा कुठे. आणि फोनवरच सांगून ठेवा की आम्ही फक्त मुली आहोत, एकीचा पत्ता जवळपासचा आहे. नाही म्हणायचं असेल तर घरी असतानाच कळू दे.

आता जागेबद्दल. भाडं माणशी साडेपाचशे होतं, जूनपासून सहाशे झालं. चादर धुतलेली मिळते, हे पंधरा-सोळा वेळा बघून सांगतेय. गरम पाणी सहा ते आठ एवढंच, आणि बाथरूम दोनच, म्हणून पावणेसहाला उठलेलं बरं. खालच्या बंकला चार्जिंगचा प्लग उशाशी आहे, वरच्याला नाही, त्यामुळे बुक करताना खालचा बेड मागून घ्या. खिडकी रुळांच्या बाजूला उघडते. लोकलचा आवाज रात्री साधारण एकपर्यंत चालतो आणि चारनंतर पुन्हा सुरू होतो. झोप हलकी असेल तर कानात कापूस लागेल. मला तिसऱ्या मुक्कामापासून सवय झाली.

मे महिन्यात माझ्या गादीत ढेकूण निघाले. हातभर गांधी उठल्या. काकूंना दाखवल्यावर त्यांनी वाद घातला नाही. त्याच दिवशी गाद्या गच्चीवर उन्हात टाकल्या, फवारणी केली, त्या रात्रीचे पैसे घेतले नाहीत. तरी मी आता आधी गादीची शिवण उलटून बघते, मगच चादर घालते. जुलैमध्ये चादरी दमट लागतात, त्याला तिथे इलाज नाही. पावसाळ्यात जाणार असाल तर घरची एक पातळ चादर न्याच.

पहिल्या फेरीत आमची मोठी फजिती वारांमुळे झाली. शनिवार-रविवार दुकानं आणि चौपाटी केली आणि घारापुरी (एलिफंटाची लेणी) सोमवारी ठेवली. गेटवेला पोचल्यावर कळलं की लेणी सोमवारी बंद. कान्हेरी आणि बोरिवलीचं नॅशनल पार्कही सोमवारी बंद असतं. राणीची बाग आणि तिच्या शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही गाड्या बंद, तो आदल्या दिवशीच बघून ठेवायचा.

त्या सोमवारी मग आम्ही नुसत्या चालत राहिलो. एशियाटिक लायब्ररीच्या पायऱ्या, हॉर्निमन सर्कल, तिथून ओव्हल मैदान. मैदानाच्या एका बाजूला राजाबाई टॉवर आणि हायकोर्टाच्या दगडी इमारती, दुसऱ्या बाजूला गोल बाल्कन्यांची, आर्ट डेको शैलीची घरं. या दोन्ही रांगांना मिळून 2018 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. एक रुपया तिकीट नाही आणि चौघींनाही सगळ्यात जास्त तेच आवडलं. संध्याकाळी सीएसएमटी स्टेशनसमोर दिवे लागेपर्यंत थांबलो. 1853 मध्ये देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून, म्हणजे आताच्या सीएसएमटीच्या जागेवरून, ठाण्यालाच गेली होती. आम्हीही तिथून ठाण्यालाच निघालो होतो, म्हणून मला फार भारी वाटलं.

घारापुरी नंतर फेब्रुवारीत झाली. अर्धा दिवस धरू नका, होडीचाच एकेका बाजूने तासभर जातो आणि वर पायऱ्या आहेत. सदाशिवाच्या मूर्तीसमोर घाई करावी लागली तर येण्यात अर्थ नाही.

ठाण्यासाठी वेगळा दिवस ठेवा, हे मला खूप उशिरा कळलं. मामलेदारची मिसळ (पहिल्यांदा कमी तिखटच सांगा), मग कौपिनेश्वराचं दर्शन आणि तलावपाळीला फेरी, सगळं पायी होतं. आणि खाडीतले फ्लेमिंगो. ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. बघायला ठाणे स्टेशनच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून ट्रान्स हार्बरची (नवी मुंबईकडे जाणारी) लोकल धरायची, दिघा गावनंतर ऐरोली, पुढे रिक्षा. तिथल्या किनारी जैवविविधता केंद्रातून वनखात्याची बोट सुटते. वेळ भरतीवर ठरते, म्हणून बुकिंग आधी करावं लागतं. मार्चमध्ये मी एकटीच गेले. बोट वळली आणि चिखलावरची गुलाबी रेघ हलली, तेव्हा कळलं की ते पक्षी आहेत. बाकीच्या तिघींनी ते अजून बघितलेलं नाही. जानेवारीत पुन्हा चौघी जातोय, बोटीची वेळ मिळाली की त्यावरून गाडीची तारीख ठरवणार. काकूंना खालचे चार बेड सांगून ठेवलेत.