‘स्फोटक वायूत सुरक्षित’ म्हणून विकलेले हेडलॅम्प आणि गेलेले १,८२,६६४ रुपये

रासायनिक कारखान्यांतील सॉल्व्हंटच्या टाक्या साफ करण्याची कंत्राटे मी घेतो. टोल्युइन या पटकन पेटणाऱ्या सॉल्व्हंटच्या टाकीत उतरणाऱ्या माणसाचे दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून दिवा हेल्मेटवरच हवा आणि तो ज्वालाग्राही वायूत वापरण्यासाठी प्रमाणित हवा. असे २४ हेडलॅम्प मी प्रत्येकी ६,४५० रुपये दराने घेतले आणि जीएसटीसह १,८२,६६४ रुपये आरटीजीएसने आगाऊ भरले. पुरवठादाराचा जीएसटी क्रमांक खरा होता, बिल पक्के होते, सोबत ‘एक्स आयए आयआयसी टी४’ असे, म्हणजे दिवा स्फोटक वायूत सुरक्षित असल्याचा संकेत, लिहिलेले प्रमाणपत्रही होते. एवढी कागदपत्रे समोर असताना कोण संशय घेईल?

माहितीपत्रकावर मात्र ‘१,२०० लुमेन’ असे ठळक छापले होते आणि सगळा खोटेपणा त्या एका आकड्यात उघडा पडला होता, हे आठवले की आजही जिवाचा संताप होतो. ‘आयए’ दिव्यात ऊर्जाच इतकी मर्यादित ठेवतात की बिघाड होऊन ठिणगी पडली तरी वायू पेटू नये, आणि ‘टी४’ म्हणजे पृष्ठभाग १३५ अंश सेल्सिअसच्या वर तापता कामा नये. हे सांभाळून तीन पेन्सिल सेलवर एवढा झगझगीत उजेड कुठून येणार? पण काळोख्या टाकीत आपल्या माणसांना जास्त उजेड मिळावा, असे वाटण्यात गैर ते काय होते?

कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरांनी टाकीत उतरण्याच्या परमिटवर सही करण्यापूर्वी एका दिव्यावरचे स्टिकर नखाने उचकटले, तर खाली तंबूचे चित्र निघाले, म्हणजे तो साधा सहलीचा दिवा होता. सेलचे झाकण नुसत्या अंगठ्याने उघडत होते, स्क्रू नव्हताच. सगळ्या दिव्यांवर अनुक्रमांक एकच. प्रमाणपत्र खरे होते, पण दुसऱ्याच कंपनीच्या, भिंतीवर बसवायच्या दिव्याचे. स्फोटक वायूत वापरायच्या उपकरणांना प्रमाणित करणारी आयईसीईएक्स ही आंतरराष्ट्रीय व्यवस्था आहे; तिची प्रमाणपत्रे तिच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतात. क्रमांक टाकून मॉडेलचे नाव अक्षरन् अक्षर ताडून पाहा. आयपी६७ हे धूळ-पाण्यापासूनचे संरक्षण आहे, स्फोटापासूनचे नव्हे.

पोलीस ठाण्यात मला सांगण्यात आले, “माल मिळाला ना? मग दिवाणी दावा लावा.” सायबर शाखेचे म्हणणे, पैसे तुम्हीच राजीखुशीने भरलेत. धंद्यासाठी खरेदी केली म्हणून ग्राहक कायद्याचेही दार बंद. ज्वालाग्राही वायू असण्याची शक्यता असलेल्या टाकीत ज्वालारोधक बनावटीचाच दिवा वापरावा, असे तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम १९४८चे कलम ३६-अ सांगत होते; त्या कलमाची प्रत जोडून दिलेला अर्ज “हा विषय आमच्याकडे येत नाही” म्हणून परत आला, आणि ज्या कार्यालयाकडे बोट दाखवले त्याने मला पुन्हा पोलीस ठाण्याचाच रस्ता दाखवला. टाकीत माणसे जळाल्याशिवाय हा कोणाचाच विषय होणार नाही काय?

पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. एक नमुना मागवून तो आधी कारखान्याच्या सेफ्टी विभागाकडून तपासून घ्या. माझ्या पैशांतला एक रुपयाही परत आलेला नाही, आणि तोच दिवा, तेच प्रमाणपत्र दाखवून, आता ६,२०० रुपयांना विकला जात आहे.